अधिकारी कोण?

"अधिकारी जाग्यावर नाहीत."

शाळेतून निवृत्त झाल्यापासून हे वाक्य मी इतक्या खिडक्यांवर ऐकले आहे की ते कानावर पडले की मला माझे वडीलच आठवतात. वडील शेतकरी. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, कोरगावच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, आमचे थोडे भात होते, घराभोवती चार माड होते. तरुणपणी काही वर्षे ते सावंतवाडीला एका शास्त्रीबुवांच्या घरी होते. कसे होते ते पुढे सांगते. तिथून येताना त्यांनी थोडा वेदान्त डोक्यात भरून आणला. पावसाळ्याच्या संध्याकाळी ओसरीवर कंदील लावून ते आम्हा भावंडांना सदानंदांच्या 'वेदान्तसारा'तला एकेक विषय समजावून सांगत.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले होते, "अधिकारी म्हणजे कोण?"

आम्ही पोरे एका सुरात म्हणालो, "साहेब!"

वडील हसले नाहीत. म्हणाले, "नव्हे. शास्त्राचा ग्रंथ उघडला की आधी चार गोष्टी सांगाव्या लागतात. हा ग्रंथ कोणासाठी, कशाविषयी, त्या दोघांचा संबंध काय आणि त्यातून मिळायचे काय. अधिकारी, विषय, संबंध, प्रयोजन. ज्याच्यासाठी ग्रंथ लिहिला, ज्याला फळ मिळायचे, तो अधिकारी. सांगणारा अधिकारी नव्हे, ऐकणारा अधिकारी."

तेव्हा ते नुसते पाठ झाले. त्याचा अर्थ कळायला मला साठी ओलांडावी लागली, आणि तो पोथीतून कळला नाही, शेजारच्या काकींबरोबर फिरताना कळला.

काकी आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली, मूलबाळ नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला दोन हजार रुपये यायचे, त्यावर औषधे आणि माशांचा खर्च भागायचा. दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, त्यांच्या नावाची ही योजना. म्हातारी माणसे, विधवा बायका आणि अपंग यांच्यासाठी. काकींचे पैसे एका महिन्यात आले नाहीत. दुसऱ्या महिन्यात नाहीत. तिसऱ्या महिन्यात त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घालून माझ्या ओसरीवर आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "बाये, हांव जिती आसां न्हय गो?"

त्यांनी ते चेष्टेने विचारले नव्हते. बँकेत त्यांना सांगितले होते की हयातीच्या दाखल्यावरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नाही. खात्यावर ज्याचे नाव आहे त्या माणसाच्या हयातीचा दाखला आमच्याकडे नाही, म्हणून पैसे थांबले. काकींना त्यातून एवढेच कळले की कुठेतरी एका कागदावर आपण जिवंत नाही.

मी पिशवी उघडली. माहेरी काकींचे नाव एका फुलाचे होते, सासरी आल्यावर लग्नात ते बदलून एका नदीचे ठेवले. माहेर डिचोली तालुक्यातले, जन्म पोर्तुगीज अमदानीतला. तेव्हाच्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आणि पोर्तुगीज स्पेलिंगात. 'श'चा उच्चार लिहायला ते लोक 'एक्स' हे अक्षर वापरीत. शंकर असेल तर 'शेंकोरा' व्हायचा, प्रभू असेल तर 'पोरोबो'. जन्माच्या नोंदीत फुलाचे नाव आणि बापाचे असे वळण घेतलेले नाव. रेशनकार्डावर नदीचे नाव आणि नवऱ्याचे आडनाव. मतदार ओळखपत्रावर नदीच्या नावात एक अक्षर कमी. आधारवर ते अक्षर परत आलेले, पण आडनावाचे स्पेलिंग वेगळे. चार कागद, चार बायका. आणि पाचवी, जिच्यासाठी हे चारही कागद काढले, ती माझ्यासमोर पितळेच्या पेल्यातून पाणी पीत होती.

आम्ही फिरायला लागलो. कचेऱ्यांची नावे सांगत नाही. माझे भांडण कुठल्या एका कचेरीशी नाही आणि त्या दिवसांत आम्हांला वाईट वागवणारा माणूसही कोणी भेटला नाही. बँकेने सांगितले, आधारवरचे नाव दुरुस्त करून आणा. आधार केंद्रावर सांगितले, नावाला पुरावा द्या. शिवाय काकींच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. साठ वर्षे खाजनात लावणी केलेली, सोडणे सोलून नारळ फोडलेली, काथ्या वळलेली बोटे. यंत्राखालची ती लाल काच पुसून पुन्हा पुन्हा बोट ठेवायचे, पडद्यावर तीच ओळ यायची. पुराव्यासाठी तालुक्यातल्या एका कचेरीत गेलो, तिथे सांगितले जन्माची नोंद दाखवा. जन्माची नोंद दाखवली तर त्यावर फुलाचे नाव. मग शहरातल्या एका कचेरीत सांगितले की नाव बदलायचे तर १९९० चा कायदा आहे, त्याप्रमाणे अर्ज करा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काकींना नाव बदलायचे नव्हते. त्यांचे नाव साठ वर्षांपूर्वी तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून बदलले होते. फक्त ते कोणी कुठे टिपून ठेवले नव्हते.

प्रत्येक खिडकीवरून निघताना काकी विचारायच्या, "आतां खंय?" आणि दोनतीनदा तरी, बस येईपर्यंत झाडाखाली उभ्या असताना म्हणाल्या, "माजे भोग गो बाये."

हा शब्द मला झोंबला. आपल्याकडे सोसणे सोपे व्हावे म्हणून भोग हा शब्द आहे आणि पुष्कळ वेळा तो खरोखर आधार देतो. नवरा गेला तेव्हा काकींनी तो शब्द वापरला असेल, तर त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण एका कचेरीने दुसऱ्या कचेरीचे दार न दाखवणे हा कोणाच्या पूर्वजन्माचा भोग नव्हे. ती या जन्मातली, आजच्या तारखेची, माणसाने केलेली कसूर आहे आणि ती माणसाला भरून काढता येते. प्रारब्ध कुठे संपते आणि हलगर्जीपणा कुठे सुरू होतो हे ज्याला नीट सांगता येत नाही, त्याचा कर्मसिद्धांत कच्चा आहे असे मला वाटते. देवाच्या नावावर माणसाची चूक खपवणे हीसुद्धा एक प्रकारची देवाची निंदाच आहे.

त्या बसथांब्यावर मला वडिलांचा देवदत्त आठवला. वेदान्तात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. पूर्वी एका गावात पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावात दिसतो आणि आपण म्हणतो, तोच हा देवदत्त. पण 'तो' तेव्हाचा, तिथला, तरुण. 'हा' आजचा, इथला, केस पिकलेला. हे दोघे एक कसे? शास्त्र सांगते, 'तेव्हा' आणि 'आता', 'तिथे' आणि 'इथे' हे भाग सोडून द्या. उरतो तो देवदत्त एकच. जीव आणि ब्रह्म एक आहेत हे समजावण्यासाठी आचार्यांनी हा दाखला दिला आहे. वडील हे सांगताना ओसरीवरचा कंदील एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर टांगायचे. "जागा बदलली," म्हणायचे, "उजेड तोच."

कचेरीचे काम नेमके उलट चालते. ती भाग धरून ठेवते आणि माणूस सोडून देते. स्पेलिंग, तारीख, आडनाव, पत्ता हेच तिच्या हाती लागते. काकी तिच्या हाती लागत नाहीत. मराठीत 'दाखला' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, उदाहरण आणि प्रमाणपत्र. शास्त्राने दाखला दिला तो वेगळेपण बाजूला सारून एकपण पाहण्यासाठी. कचेरी दाखला मागते ती वेगळेपण पकडण्यासाठी.

हे असे लिहून थांबले असते तर वाचकाला बरे वाटले असते, पण ते अर्धेच खरे झाले असते. वेगळेपण पकडावे लागते, कारण पैसा सगळ्यांचा आहे. उद्या दुसरे कोणी काकींच्या नावाने अंगठा लावून गेले तर त्यांचाच घास जायचा. आणि कागद नव्हता तेव्हा काय होते, हे आमच्या घराला चांगले ठाऊक आहे.

पेडणे हा नव्या काबिजादीतला मुलूख, १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेलेला. आमचे घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात होते, आम्ही त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे मुंडकार. पोर्तुगीज अमदानीत आमच्या आजोबांकडे एकही कागद नव्हता आणि कोणी मागतही नव्हते. रेजेदोर, म्हणजे गावचा सरकारी अंमलदार, त्यांना ओळखत होता, भाटकार ओळखत होता, सगळा वाडा ओळखत होता. ओळखीवर सगळे चाले. पण ओळख म्हणजेच मेहेरबानी होती. भाटकाराच्या नारळांची पाडप असली की आमच्या घरातले माणूस बिनमजुरीचे राबायला जायचे. एकदा आजोबा आजारी होते म्हणून कोणी गेले नाही, तर परड्यातली वाट बंद झाली. ओळखणारा रागावला की ओळख पुसली जायची. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पुढे कुळांचा कायदा आला, १९७५ मध्ये मुंडकारांचा कायदा आला आणि मामलेदाराकडच्या नोंदवहीत वडिलांचे नाव लागले. त्या नोंदीची नक्कल घेऊन वडील ज्या दिवशी घरी आले, त्या दिवशी आईने ती देवासमोर ठेवली होती. कंदिलाच्या उजेडात त्या कागदाकडे वडील बराच वेळ बघत बसले होते, हे मला अजून दिसते. ओळख ज्याच्या मर्जीवर असते तो आपला मालक होतो. कागदाला मर्जी नसते. आमच्या घराला हे स्वातंत्र्य कागदानेच दिले.

म्हणून कागद नको असे मी कधीच म्हणणार नाही. कचेऱ्या वेगवेगळ्या का, असेही म्हणणार नाही. एकाच्याच हातात जन्म, जमीन, जात, रेशन आणि पेन्शन असते तर तो पुन्हा भाटकारच झाला असता. मामलेदाराचा निकाल पटला नाही तर वर दाद मागता येते, ती दोन टेबले वेगळी असतात म्हणूनच.

प्रश्न वेगळा आहे. दारे पुष्कळ असणार हे मान्य. मग योग्य दार शोधण्याची जबाबदारी कोणाची? मागणाऱ्याची की देणाऱ्याची? मला हा धर्माचा प्रश्न वाटतो, आणि त्याचे उत्तर मला दोन ठिकाणी मिळाले, एक पोथीत आणि एक देवळात.

पोथीतले आधी सांगते. जैमिनींच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराचा आहे. यज्ञाचे फळ कोणाचे, म्हणजे यज्ञ करायचा हक्क कोणाला, याचा तिथे विचार आहे. त्यात प्रश्न येतो, ज्याच्याकडे द्रव्य नाही, सामग्री नाही, त्याला अधिकार आहे का? निर्णय असा, की आहे. द्रव्य आज नाही, उद्या मिळवता येईल, म्हणून नुसत्या निर्धनपणाने अधिकार जात नाही. ज्याच्या शरीरात काही उणे आहे पण ते बरे होण्यासारखे आहे, त्याचाही अधिकार जात नाही. स्त्रीला अधिकार आहे का, हाही प्रश्न तिथे आहे, आणि पतीबरोबर आहे असे उत्तर आहे. या मीमांसकांची शिस्त मला फार आवडते. साधन अपुरे असणे आणि हक्क नसणे या दोन गोष्टी त्यांनी कधी एक केल्या नाहीत. काकींकडे एक कागद कमी होता. याचा अर्थ काकींचा कागद अपुरा होता, काकी अपुऱ्या नव्हत्या. खिडकीवर "तुमचे होत नाही" आणि "तुमचा एक कागद व्हायचा आहे, तो अमुक ठिकाणी होतो" या दोन वाक्यांत धर्म आणि अधर्म यांच्याएवढे अंतर आहे.

पण त्याच अध्यायात दुसरेही काही आहे आणि ते लपवले तर मी वडिलांची मुलगी नव्हे. चारही वर्णांना अधिकार आहे असे बादरी नावाच्या आचार्यांचे मत होते. ते तिथे मागे पडले, आणि शूद्राला दाराबाहेर ठेवले गेले. वडील सावंतवाडीला शास्त्रीबुवांच्या घरी शिकायला नव्हते, गडी म्हणून होते. पाठ माजघरात चाले आणि वडील पडवीत लाकडे फोडत ऐकत. एकदा एक विद्यार्थी अडला तेव्हा वडिलांच्या तोंडून उत्तर निघून गेले. सगळे गप्प झाले. शास्त्रीबुवा उठून पडवीत आले, वडिलांच्या हातातली कुऱ्हाड त्यांनी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आत ये." त्या दिवसापासून वडील माजघरात बसले. शास्त्रीबुवांना त्यावरून बरेच ऐकून घ्यावे लागले, असे वडील सांगायचे. म्हणूनच "ज्याला फळ मिळायचे तो अधिकारी" हे वाक्य त्यांनी आम्हांला इतके कळवळून सांगितले. अधिकार हा शब्द लोकांना बाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला हे त्यांनी स्वतः भोगले होते. आपल्या संतांनी तोच शब्द उचलून सगळ्यांच्या हातात दिला. पंढरीच्या वाटेवर अधिकार सगळ्यांना आहे असे तुकोबांनी बजावले. एकाच शब्दाने दार लावता येते आणि उघडताही येते. ते कोणी उठून उघडतो का, यावर सगळे अवलंबून आहे. शास्त्रीबुवा उठले. ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

देवळातले उत्तर तर आमच्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. आमच्याकडे गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाणे म्हणजे तक्रारही आणि प्रार्थनाही. दोन्हींना आपण एकच शब्द ठेवला आहे. कोणाची गाय आटली, कोणाचे लग्न जमत नाही, कोणाच्या मुलाला नोकरी नाही. तो माणूस देवापुढे नारळ ठेवतो आणि हात जोडून उभा राहतो. बोलतो दुसराच, ज्याला गाऱ्हाणे घालता येते तो. तो ग्रामदेवाला हाक मारतो, सातेरीला, रवळनाथाला, सीमेवरच्या राखणदाराला, वाटेवरच्या जाग्यांना, एकेकाचे नाव घेऊन सगळ्यांना बोलावतो आणि सांगतो की हे तुमचे लेकरू उभे आहे, याचे काही चुकलेमाकले असेल तर पोटात घाला आणि ज्याच्या हातात असेल त्याने याचे काम करा. आमच्या गावरहाटीत प्रत्येक देवाची हद्द ठरलेली आहे, मान ठरलेला आहे, एकाच्या कामात दुसरा हात घालत नाही. पण कुठला देव कशाचा, हे नारळ ठेवणाऱ्याला माहीत नसले तरी अडत नाही. ते माहीत असणे हे गाऱ्हाणे घालणाऱ्याचे काम. "हे माझ्याकडे नाही, पुढे जा" असे म्हणून देवळातून कोणाला परत पाठवल्याचे मी ऐकलेले नाही.

इतकेच नव्हे. दसऱ्यानंतरच्या पुनवेला पेडण्यात मोठा उत्सव होतो. देव भूतनाथाने आपल्यासाठी देऊळ मागितले होते, अशी कथा आमच्याकडे तिथली म्हणून सांगतात. मागणे हे काही कमीपणाचे नाही, देवालाही ते करावे लागते. आणि देव मागतो तेव्हा लोक त्याला कुठे जायचे ते सांगत नाहीत, त्याच्यामागून धावतात.

असे धावणे सरकारलाही जमते, हे मी पाहिले आहे. २०२० मध्ये 'स्वयंपूर्ण गोवा' सुरू झाले, तेव्हा प्रत्येक पंचायतीसाठी एकेक सरकारी माणूस 'स्वयंपूर्ण मित्र' म्हणून नेमला गेला. गावात येऊन बसायचे, लोकांचे ऐकायचे, कुठली योजना कोणाला लागू ते सांगायचे, असे त्याचे काम. पुढे 'सरकार तुमच्या दारी' या नावाने शिबिरे झाली, एकाच मांडवाखाली सगळ्या खात्यांची टेबले. २०१३ चा तर कायदाच आहे, लोकांची कामे ठरलेल्या मुदतीत व्हावीत असे सांगणारा. या सगळ्यामागे जो विचार आहे तो गाऱ्हाण्याचाच आहे: दार माहीत असणाऱ्याने चालावे, माहीत नसणाऱ्याने नव्हे. शिबिर रोज नसते. त्यामुळे उरलेल्या दिवशी हे काम कोण करतो, हाच खरा प्रश्न आहे.

आमच्या बाबतीत ते एका कारकुनाने केले. तालुक्यातल्याच एका कचेरीत, पाचव्या की सहाव्या फेरीला. चाळिशीचा माणूस, समोर फायलींचा ढीग. काकींचे चारही कागद त्याने टेबलावर ओळीने मांडले आणि पेन्सिलीने प्रत्येक नावाखाली रेघ ओढली. मग तो खुर्चीवरून उठला, टेबलाला वळसा घालून बाहेर आला आणि काकींच्या शेजारी बाकावर बसला. म्हणाला, "काकी, तुमचे नाव बदलायचे नाही. ही चारही नावे तुमचीच आहेत, एवढेच सांगायचे आहे. फुलाच्या नावाची ती आणि नदीच्या नावाची ही बाई एकच, असे प्रतिज्ञापत्र करायचे. गावातली दोन माणसे लागतील, तुम्हांला ओळखणारी." कुठे जायचे, कोणता अर्ज, किती रुपयांचा कागद, कोणत्या खोलीत, हे सगळे त्याने एका पाठकोऱ्या कागदावर मराठीत लिहून दिले. त्याच्या खात्याचे ते कामही नव्हते.

त्याने आमच्यासाठी काय केले, हे नीट सांगायचे तर मला वडिलांचीच भाषा वापरावी लागते. अधिकारी, विषय, संबंध, प्रयोजन. विषय दुसऱ्या कचेरीत होता, प्रयोजन सगळ्यांना ठाऊक होते, अधिकारी म्हणजे काकी समोरच उभ्या होत्या. नव्हता तो फक्त संबंध. तो त्या माणसाने खुर्चीतून उठून जोडून दिला. ज्ञान दडवणाऱ्याला पाप लागते असे आपण म्हणतो, ते मोठमोठ्या विद्यांविषयी. पण कोणता कागद कुठल्या खोलीत होतो, हेही ज्ञानच आहे, आणि अडलेल्या म्हातारीपासून ते दडवणे हे पापच आहे. दान करायला प्रत्येकाकडे पैसा नसतो. वाट दाखवण्याचे दान मात्र कोणालाही करता येते.

प्रतिज्ञापत्राच्या दिवशी ओळखणारी दोन माणसे म्हणून वाड्यावरचे एक भाऊ आणि मी गेलो. वकिलाच्या कोठीत टाइप केलेला मजकूर मला वाचायला दिला. 'मी सदर व्यक्तीस लहानपणापासून ओळखते.' एवढीच ओळ माझी होती. सही करताना माझा हात थांबला. इतके कागद, यंत्रे, बारा अंकी नंबर. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभली गावात पहिले आधार दिले गेले, तेव्हापासून देशभर ओळखीचे एवढे मोठे काम झाले. आणि सगळे अडल्यावर शेवटी लागले ते एक माणूस, जे दुसऱ्या माणसाकडे बोट करून म्हणेल, तीच ही. तोच हा देवदत्त. कागद आणि ओळख यांच्यात मी एवढे दिवस भांडण लावत होते. त्या ओळीत ती दोन्ही एका जागी बसली होती. मर्जीतली ओळख नव्हे, शपथेवरची ओळख. खोटे ठरले तर मला शिक्षा होणार होती, आणि म्हणूनच तिला किंमत होती. मी सही केली. काकींनी अंगठा लावला. यंत्रावर न उमटलेला तो अंगठा शाईने कागदावर चांगला स्वच्छ उमटला.

दोन महिन्यांनी पैसे सुरू झाले. राहिलेलेही आले.

त्यानंतर ओसरीवर माणसे यायला लागली. महाराष्ट्रातल्या बांद्याहून लग्न होऊन आलेली एक मुलगी आली, ती 'तहसीलदार' आणि 'सेतू' विचारत फिरत होती. तिकडे सात-बारा म्हणतात त्या जागी इकडे एक-चौदा, आणि तहसीलदाराच्या जागी मामलेदार, हे तिला सांगणारे कोणी भेटले नव्हते. शेवटी मी एक मोठा पुठ्ठा घेतला आणि शाळेत फळ्यावर लिहायचे त्या अक्षरात तक्ता केला. जन्ममृत्यूची नोंद पंचायतीत, पोर्तुगीज काळातली जुनी नोंद नागरी निबंधकाकडे. लग्नाची नोंदही निबंधकाकडेच, आणि त्यासाठी दोनदा जावे लागते. उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला मामलेदाराकडे, जातीचा उपजिल्हाधिकाऱ्याकडे. रेशनकार्ड नागरी पुरवठ्याकडे. दयानंद योजना समाज कल्याणकडे, गृह आधार महिला व बाल विकास खात्याकडे.

तक्त्याला दोन रकाने आहेत. उजव्या रकान्यावर मी लिहिले, 'कचेरी'. डाव्या रकान्यात विधवा, साठीच्या पुढची माणसे, अपंग, नवी सून, कूळ, मुंडकार, शाळेत जाणारे मूल अशी नावे आहेत. त्या रकान्यावर मी लिहिले, 'अधिकारी'.

पंचायतीत काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी परवा येऊन तक्ता वाचत उभा होता. म्हणाला, "बाई, मथळे उलटे पडलेत. अधिकारी या बाजूला हवेत."

मी त्याला बस म्हटले, पेला भरून पाणी दिले, आणि विचारले, "वेळ आहे ना तुला? मग सावंतवाडीच्या पडवीपासून सांगते."